जीव घ्यायचा नव्हता, नुसतं मारायचं होतं

पत्र असं आहे (ओळख पटेल असं सगळं काढलंय, थोडं आटवलंय):

"मॅडम नमस्कार. माझा धाकटा भाऊ, वय २३, चाळीस दिवस झाले जेलमध्ये आहे. आमचा आणि चुलत्यांचा बांधावरून सात-आठ वर्षं वाद आहे. त्या दिवशी सकाळी रानात चुलत भावाशी शिवीगाळ झाली, त्याने आईवरून शिव्या दिल्या, धक्काबुक्की झाली आणि माझ्या भावाने खोऱ्याचा दांडा त्याच्या डोक्यात घातला. एकदाच. तो पडल्यावर भावानेच त्याला पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी तो गेला. पोलिसांनी आधी १०९ (खुनाचा प्रयत्न) लावलं होतं, आता १०३ (खून) केलंय. वडिलांचं पण नाव घातलंय, ते 'मार त्याला, मार' असं ओरडले म्हणे. शेजारच्या रानातली बाई सांगते की भाऊ गोठ्यात जाऊन दांडा घेऊन आला, पण गोठा चाळीस पावलांवर पण नाही. मॅडम त्याला जीव घ्यायचाच नव्हता, मग खून कसा? गावात एक जण म्हणतात एकच फटका आहे म्हणजे १०५ होतं. मामा म्हणतात, त्याच्या हातात कोयता होता असं सगळ्यांनी सांगा. ऑपरेशनला पण उशीर झाला. आम्ही काय करू?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. गेलेला तुमचा चुलत भाऊच होता आणि आत आहे तो सख्खा, त्यामुळे घरात सध्या काय चाललं असेल ते मला लिहून दाखवायची गरज नाही. मी सरळ कामाचं बोलते. तुमचे कागद मी बघितलेले नाहीत, म्हणून हे सगळं तुमच्या पत्रावरून आहे, आणि तुमचे वकील कागद बघून वेगळं काही म्हणाले तर त्यांचं ऐका.

सगळ्यात आधी तुमचा तो प्रश्न, जीव घ्यायचा नव्हता तर खून कसा. वीस-बावीस वर्षं सेशन कोर्टात उभी राहते, हे वाक्य मी आरोपीच्या आईकडून, बायकोकडून, बहिणीकडून इतक्या वेळा ऐकलंय, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण कोर्ट तो प्रश्न त्या शब्दांत विचारतच नाही. आणि यात आपल्या मराठीचा पण एक घोळ आहे बघा. आपल्याकडे "मारणे" म्हणजे चापट मारणे पण आणि ठार मारणे पण. "मी त्याला मारलं" असं तुमचा भाऊ म्हणाला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? त्याला म्हणायचं असतं फटका मारला, ऐकणारा लिहून घेतो मारलं, आणि पुढे वाचणारा वाचतो ठार केलं. तुमच्या वडिलांच्या तोंडचं "मार त्याला, मार" पण तसंच, त्यावर नंतर येते.

कायद्यात एक उतरंड आहे ती समजून घ्या म्हणजे आकडे डोक्यात बसतील. माणसाच्या हातून माणूस मेला तर तो मनुष्यवध, पण प्रत्येक मनुष्यवध गुन्हा नसतो. कायद्यातच एक उदाहरण दिलंय, १८६० पासून आहे, नवीन संहितेत पण तसंच उचललंय: एक जण दुसऱ्याची कोंबडी चोरायला म्हणून तिच्यावर गोळी झाडतो आणि झुडपामागे बसलेला माणूस मरतो, ज्याचा त्याला पत्ताच नव्हता. चोर आहे तो, पण सदोष मनुष्यवधाचा गुन्हेगार नाही. कारण मरणाबद्दल त्याच्या मनात काहीच नव्हतं, ना उद्देश ना जाणीव. मनात काहीतरी असलं की तो होतो सदोष मनुष्यवध, भारतीय न्याय संहितेचं कलम १००. आणि त्यातला जो सगळ्यात वरच्या पायरीचा, तो खून, कलम १०१. म्हणजे प्रत्येक खून सदोष मनुष्यवध असतो पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. शिक्षेची कलमं वेगळी, खुनाला १०३ म्हणजे फाशी किंवा जन्मठेप, आणि खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधाला १०५. गावातले जुने लोक अजून तीनशे दोन आणि तीनशे चार म्हणतात, तेच हे, १ जुलै २०२४ पासून आकडे बदलले, आतला गाभा तोच राहिला.

आता उद्देश. कलम १०१ मध्ये खुनाचे चार दरवाजे आहेत आणि "जीव घ्यायचा उद्देश" हा त्यातला फक्त पहिला. तुमच्या भावाच्या केसमध्ये सरकारी वकील त्या दरवाजाने येणारच नाहीत, गरजच नाही त्यांना. ते येतील तिसऱ्या दरवाजाने. तिसरा म्हणतो, तुला अमुक एक इजा करायची होती, आणि ती इजा अशी होती की निसर्गाच्या सामान्य क्रमात माणूस तिने मरायला पुरेशी आहे, तर झाला खून, भले तुला वाटलं असेल की हा मरणार नाही. १९५८ साली सुप्रीम कोर्टाचा विरसा सिंगचा निकाल आहे, न्या. विव्हियन बोस यांनी लिहिलेला, आजपण प्रत्येक खुनाच्या खटल्यात दोन्ही बाजू तोच घेऊन उभ्या असतात. त्यात भाल्याचा एकच घाव होता, पोटात. एकच. वकिलांनी सांगितलं की मारायचा उद्देश सिद्ध झालेला नाही. कोर्ट म्हणालं, आम्ही तो विचारत नाही, आम्ही विचारतो इजा कुठली झाली, ती किती गंभीर, ती जागा आणि तो जोर तुला करायचाच होता का चुकून वेगळीकडे लागलं, आणि ती इजा मरण्यास पुरेशी होती का. करायचा होता आणि पुरेशी होती, तर त्या इजेने मरण येतं हे तुला माहीत होतं का नव्हतं याला महत्त्व नाही. शिक्षा कायम राहिली.

त्यामुळे गावातल्या त्या गृहस्थांना सांगा की एक फटका म्हणजे १०५ असा काही हिशोब नाही. हे इतकं पसरलेलं आहे ना की काही नवीन वकील पण तेच बोलतात. उलट बाजूचं पण सांगते. १८७६ चा आपल्या मुंबई हायकोर्टाचा गोविंदाचा निकाल, दीडशे वर्षं होत आली तरी लॉ कॉलेजमध्ये पहिल्यांदा हाच शिकवतात. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला खाली पाडलं, छातीवर गुडघा ठेवला आणि तोंडावर बुक्क्या मारल्या, दोन-तीन, जोरात, मेंदूत रक्त साकळून ती गेली. फटके एकापेक्षा जास्त, तरी न्या. मेलव्हिल यांनी खून नाही म्हटलं, कारण हातात हत्यार नव्हतं आणि ती इजा सामान्यपणे मरण आणेलच अशी नव्हती. (त्या मुलीचं नाव कुणाला शिकवत नाहीत, नवऱ्याचं मात्र सगळ्यांना पाठ आहे. असो.) म्हणजे फटके मोजून चालत नाही.

आणि "नुसतं मारायचं होतं" याचं काय होतं ते १९७६ च्या पुन्नय्या निकालात बघा. आंध्रातल्या गावचं राजकारणाचं वैर, पंचावन्न वर्षांच्या माणसाला बसमधून उतरल्यावर गाठलं आणि जाड काठ्यांनी हातापायांवर झोडपलं. डोक्याला हात लावला नाही, छातीला लावला नाही. आपल्याकडे याला "हातपाय मोडले" म्हणतात आणि म्हणणारे वर हे पण म्हणतात की जीव घ्यायचा असता तर डोक्यात नसता का घातला. दुसऱ्या दिवशी तो माणूस गेला. हायकोर्टाने खुनाचं कलम काढून खालचं लावलं होतं, सुप्रीम कोर्टाने पुन्हा खून केला, कारण इतक्या सगळ्या इजा ठरवून केलेल्या होत्या आणि मिळून मरणाला पुरेशा होत्या. म्हणून म्हणते, "जीव घ्यायचा नव्हता" हे पालुपद धरून बसू नका. त्याने बचाव उभा राहत नाही. बचाव उभा राहतो तो हातात काय होतं, कुठून आलं, कुठे लागलं, किती जोरात, आधी काय झालं आणि नंतर काय केलं यावर. मनात काय होतं ते कोर्टाला दिसत नाही, कोर्ट हातावरून मन वाचतं.

तर आता तुमच्या पत्रातलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय, गोठा चाळीस पावलांवर पण नाही. ताई, तुमची अख्खी केस त्या चाळीस पावलांत आहे.

कारण असं, की खुनाच्या कलमाला पाच अपवाद आहेत, आणि तुमच्या कामाचे त्यातले दोन. एक आहे गंभीर आणि अचानक प्रक्षोभ, म्हणजे समोरच्याने असं काही केलं की माणसाचा स्वतःवरचा ताबाच गेला. आईवरच्या शिव्या तुम्ही लिहिल्यात. आपल्या कायद्यात नुसते शब्द पण प्रक्षोभ होऊ शकतात, हे नानावटी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. पण त्याच खटल्यात दुसरं पण सांगितलंय. २७ एप्रिल १९५९, मुंबई, बायकोने दुपारी अहुजाशी संबंध असल्याचं कबूल केलं, नौदलातला अधिकारी नानावटी तिला आणि मुलांना सिनेमाला सोडून आला, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आधी अहुजाच्या ऑफिसात गेला, तिथे नाही म्हणून घरी गेला आणि त्याला गोळ्या घातल्या. मधे साधारण तीन तास. कोर्ट १९६१ मध्ये म्हणालं की इतक्या वेळात माणूस भानावर येतो, आणि रिव्हॉल्व्हर आणणं हे भानावर असल्याचंच लक्षण आहे. जन्मठेप. (ज्युरीने आधी आठ विरुद्ध एक असं निर्दोष सोडलं होतं, आणि शेवटी १९६४ मध्ये माफी मिळाली, ते वेगळं पुराण आहे.) खरं सांगायचं तर शिव्यांवर प्रक्षोभाचा अपवाद मिळणं अवघड असतं, बांधावरच्या भांडणात शिव्या दोन्हीकडून असतात आणि जजसाहेबांना ते माहीत असतं.

दुसरा अपवाद तुमच्यासाठी जास्त जवळचा, अचानक भांडण. यात चार गोष्टी दाखवाव्या लागतात, आधी ठरवलेलं नव्हतं, भांडण अचानक लागलं आणि रागाच्या भरात हात उचलला गेला, समोरच्याच्या अवस्थेचा गैरफायदा घेतला नाही, आणि क्रूर किंवा विचित्र पद्धतीने मारलं नाही. सुरुवात कुणी केली याला महत्त्व नाही, हे कायद्यातच लिहिलंय. पण भांडण म्हणजे दोघांचं लागतं, एकाने मारायचं आणि दुसऱ्याने नुसता मार खायचा याला कोर्ट भांडण म्हणत नाही. धक्काबुक्की झाली असं तुम्ही म्हणता, म्हणजे तुमच्या भावाच्या अंगावर काही खरचटलं, सुजलं होतं का? अटकेनंतर मेडिकल झालंय, त्या कागदावर ते आलंय का बघा. आलं असेल तर तो कागद लाखमोलाचा.

आणि मग ती चाळीस पावलं. भांडण चालू असताना, ओरडाआरडा चालू असताना, चुलत भाऊ मागे मागे येत असताना तो तसाच जाऊन जे हाताला लागलं ते घेऊन आला, का भांडण थांबलं होतं, समोरचा परत आपल्या वावरात वळला होता आणि हा गोठ्यातून दांडा घेऊन त्याच्या मागे गेला? पहिलं असेल तर अपवाद शिल्लक राहतो. दुसरं असेल तर सरकारी वकील त्या चाळीस पावलांना नानावटीचे तीन तास करून दाखवतील, आणि कोर्टांनी अशा केसमध्ये दोन्हीकडे निकाल दिलेले आहेत. अंतर किती यापेक्षा त्या अंतरात काय काय घडलं हे महत्त्वाचं. दांडा म्हणजे नुसता लाकडी दांडा होता का पात्यासकट खोरं होतं, आणि पात्याच्या बाजूने लागलं का दांड्याच्या? सकाळी तो त्याच खोऱ्याने पाणी धरत होता का? फटका समोरून बसला का मागून? मागून असेल तर मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. हे सगळं भावाला त्याच्या वकिलाने एकट्याने भेटून विचारलं पाहिजे, तुम्ही मुलाखतीच्या खिडकीतून ओरडून नाही, आजूबाजूला दहा कान असतात.

बांधाचा जुना वाद यात दुधारी आहे. तुम्हाला वाटतं त्याने आपल्यावर अन्याय झाला हे दिसेल. सरकारी बाजू म्हणेल की बघा, कारण होतं, वैर होतं, अचानक कुठलं, सात वर्षं शिजत होतं. कारण आणि उद्देश वेगळे, मराठीत आपण दोन्हीला हेतू म्हणतो तो अजून एक घोळ. वैर असणं म्हणजे त्या सकाळी ठरवून गेला असं होत नाही, पण तुमच्याकडून कुणी पूर्वी "एक दिवस बघून घेतो" वगैरे बोललं असेल आणि चुलत्यांनी त्याची पोलीस स्टेशनला एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, केली असेल, तर ते कागद बाहेर येणार. आधीच वकिलाला सांगून ठेवा. उलटतपासात कळण्यापेक्षा ऑफिसात कळलेलं बरं.

आता मामांचा कोयता. नाही. अजिबात नाही. मला कळतं की ते जीव तोडून मदत करायला बघतायत, पण पंचनाम्यात कोयता नसणार, जप्तीत नसणार, तुमच्या भावाच्या अंगावर कोयत्याचा ओरखडा नसणार, आणि चाळीस दिवसांनी चार नातेवाईक येऊन एकसारखं कोयता म्हणणार. सरकारी वकील दहा मिनिटांत फाडतील. कोर्टात खोटी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे ती वेगळीच. पण त्याहून मोठं नुकसान असं की एकदा कोयता खोटा ठरला की खरं भांडण पण खोटं वाटायला लागतं, धक्काबुक्की पण, आईवरच्या शिव्या पण. तुमच्याकडे जे थोडंफार खरं आहे ना, तेच बचावाचं भांडवल आहे, ते मामा उधळायला निघालेत. आणि त्या शेजारच्या बाईंकडे कुणीही जाऊ नका, चहाला पण नाही, समजावायला पण नाही. साक्षीदारावर दबाव असं एकदा रेकॉर्डवर आलं की जामीन विसरा. तिची साक्ष उलटतपासात तपासली जाईल, ती कुठे उभी होती, तिथून गोठा दिसतो का, उसाचं पीक मधे होतं का. ते वकिलाचं काम आहे.

अपवाद सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते हे खरं, नवीन साक्ष्य अधिनियमाचं कलम १०८. पण घाबरू नका, सरकारी बाजूसारखं संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही, असं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे इतकं दाखवलं तरी चालतं, आणि ते त्यांच्याच साक्षीदारांच्या तोंडून पण काढता येतं. म्हणूनच मी त्या बाईंना शत्रू समजू नका म्हणते, भांडण चालू होतं हे कदाचित तीच सांगेल.

ऑपरेशनच्या उशिराचं थोडक्यात. कलम १०० मध्येच स्पष्ट लिहिलंय की नीट उपचार मिळाले असते तर माणूस वाचला असता, तरी इजा करणाऱ्यानेच मृत्यू घडवला असं धरतात. आधीच आजारी होता म्हणून लवकर गेला, याने पण सुटका नाही. तरी पीएम म्हणजे शवविच्छेदनाचा रिपोर्ट आणि दवाखान्याचे सगळे केसपेपर मिळवा, कारण डॉक्टरांनी डोक्याची इजा मरणाला "पुरेशी" असं स्पष्ट लिहिलंय का, का नुसतं मृत्यूचं कारण लिहिलंय, यात फरक पडतो. विरसा सिंगमधला शेवटचा प्रश्न तिथेच सुटतो.

वडिलांचं. "मार त्याला" एवढ्यावर त्यांना कलम ३(५) खाली घेतलं असणार, सामाईक इरादा, जुनं चौतीस. त्यासाठी बापलेकांच्या मनात एकच बेत होता हे दाखवावं लागतं, तो जागच्या जागी पण तयार होऊ शकतो म्हणतात, पण दोघांना एकाच वेळी राग आला म्हणजे एकच बेत झाला असं नाही. १९४५ सालचा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा, महबूब शाहचा निकाल याच्यावरच आहे, सिंधू नदीकाठचे बोरू तोडण्यावरून भांडण, दोघांनी दोन बंदुका चालवल्या, ज्याच्या गोळीने माणूस मेला तो महबूब शाह नव्हता आणि बेत एकच होता हे सिद्ध झालं नाही म्हणून त्याची खुनाची शिक्षा रद्द झाली. तिथे निदान बंदूक तरी होती हातात. तुमचे वडील रिकाम्या हाताने बांधावर उभे होते असं दिसतंय, आणि नुसत्या चिथावणीच्या साक्षीकडे कोर्ट सावधपणेच बघतं, कारण घरातला कर्ता माणूस आत जावा म्हणून हे वाक्य घुसडलं जातं हे सगळ्यांना माहीत आहे. आणि वर म्हटलं तसं, मराठीत "मार" म्हणजे चोप दे असंच बहुतेक वेळा. फिर्यादीत पहिल्या दिवशी हे वाक्य होतं का नंतरच्या पुरवणी जबाबात आलं, ते पहा आधी. अटक झाली नसेल तर अटकपूर्व जामिनासाठी लगेच हालचाल करा, भावाच्या भानगडीत वडिलांचं राहून जातं असं मी खूपदा बघितलंय.

एफआयआरचं कलम म्हणजे कपाळावरची रेघ नाही. चार्जशीट येईल, केस सेशनला कमिट होईल म्हणजे तिकडे पाठवली जाईल, त्यानंतर साठ दिवसांत डिस्चार्जचा, म्हणजे खटल्याआधीच आरोपातून सोडा असा, अर्ज करता येतो, आणि दोषारोप ठेवताना वकील म्हणू शकतात की कागद सगळे खरे धरले तरी १०३ होत नाही, १०५ होतं. तिथे नाही ऐकलं तरी निकालाच्या वेळी १०३ च्या आरोपातून १०५ मध्ये शिक्षा होऊ शकते, नेहमी होते. आणि १०५ मध्ये पण दोन भाग आहेत, त्यासाठी वकील किती झगडतात ते बघायला पाहिजे: उद्देश होता पण अपवादात बसलं तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं, आणि उद्देश नव्हता, फक्त याने मरू शकतो एवढी जाणीव होती, तर दहा वर्षांपर्यंत, खाली किमान काही नाही. तुमच्या भावाचं वय २३, त्यामुळे हा फरक म्हणजे तेहतिशीपर्यंत बाहेर का म्हातारपणी बाहेर, असा आहे.

जामिनासाठी नव्वद दिवस लक्षात ठेवा. खुनात पहिल्या रिमांडपासून नव्वद दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, पण मागितला तर, आणि चार्जशीट यायच्या आत मागितला तर. चाळीस झालेत. कॅलेंडरवर खूण करा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे. आणि "चुलत्यांशी बसून मिटवू" असं कुणी मध्यस्थ म्हणाला तर पैसे देऊ नका, खून काय आणि सदोष मनुष्यवध काय, हे आपसात मिटणारे गुन्हेच नाहीत. चुलतीला भेटायला जायचं असेल तर ते वेगळं, पण ते वकिलाला विचारून, आणि केसचा एक शब्द न काढता.

एक शेवटचं, जे तुम्ही लिहिलंय पण त्याचं वजन तुम्हाला कळलेलं दिसत नाही. त्यानेच पिकअपमध्ये घालून नेलं. हे फार मोठं आहे, ठार करायला निघालेला माणूस सहसा असं करत नाही, आणि कोर्ट नंतरचं वागणं बघतंच. पण ते नुसतं सांगून नाही, कागदावर पाहिजे. कॅज्युअल्टीत एमएलसी, म्हणजे पोलीस केसची दवाखान्यातली नोंद, करताना पेशंट कुणी आणला ते लिहितात आणि डॉक्टर हिस्ट्री लिहून घेतात, कशाने लागलं. आता माझी भीती सांगते. घाबरलेली पोरं तिथे "गाडीवरून पडला" असं सांगतात. तुमच्या भावाने तसं सांगितलं असेल तर हाच कागद उलटा फिरेल, लपवायला बघत होता म्हणून. त्याने खरं सांगितलं असेल, किंवा काहीच न बोलता नुसता स्ट्रेचर ढकलत असेल, तर सीसीटीव्ही मिळतंय का बघा, फार दिवस ठेवत नाहीत ते, वकिलामार्फत आजच ते राखून ठेवायचा अर्ज द्या. एमएलसीवर आणणाऱ्याचं नाव काय आणि हिस्ट्रीत काय लिहिलंय, तेवढ्या दोन ओळी मला कळवा, मग पुढचं लिहिते.